दाराबाहेर माणूस, घरात बंदूक

 

आज जे सांगणार आहोत ते आमच्याच तालुक्यातलं आहे. गावाचं नाव घेणार नाही, बाईचंही नाही. तिची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "सांगा, पण माझं नाव नको. पोरं शाळेत जातात."

यावल तालुक्यात केळीच्या बागांमध्ये मळ्यात राहणारी घरं किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. थ्री फेज लाईट रात्रीची असली की घरातला पुरुष बागेत पाणी भरायला जातो आणि घरी बाई, म्हातारी, लेकरं. तिच्याही घरी तसंच होतं. रात्री एक-दीडच्या सुमाराला मागच्या दाराची कडी वाजायला लागली. तिला आधी वाटलं, नवरा आला. हाक मारली तर उत्तर नाही. मग पहारीनं कडी उचकटल्याचा आवाज. तिनं नवऱ्याला फोन लावला, तो लागला नाही.

घरात सासऱ्यांची बंदूक होती. पिकात रानडुकरं यायची म्हणून त्यांनी फार पूर्वी परवाना काढला होता. सासरे दोन वर्षांपूर्वी वारले. बंदूक गव्हाच्या कोठीमागे तशीच उभी राहिली. तिनं ती काढली, खिडकी उघडली, नळी बाहेर काढली आणि ओरडली, "आत पाय टाकलास तर घालीन!"

बाहेर दोघं होते. एक लगेच पळाला. दुसरा क्षणभर थांबला आणि मग तोही पळाला.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. पुढचं ऐका. ती दार उघडून ओट्यावर आली. ते दोघं बागेच्या दिशेनं पळत होते, पाठ तिच्याकडे. तिनं बंदूक खांद्याला लावली. सासूबाई मागून आल्या आणि त्यांनी हातानं नळी खाली दाबली. "जाऊ दे, माय. गेले ते," एवढंच बोलल्या.

नंतर कळलं की बंदुकीत काडतूसच नव्हतं. तिला ते ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकानं उलटा अर्ज दिला. मी पूर्वी त्यांच्याकडे सालदार होतो, राहिलेली मजुरी मागायला गेलो, तर बाईनं बंदूक रोखून जीवे मारायची धमकी दिली, असं त्यात लिहिलं. चौकशी आली. पहिला प्रश्न पहारीचा नव्हताच. विचारलं, "बंदूक कोणाच्या नावावर आहे?"

ती आमच्या गटात आली तेव्हा आमच्यातच भांडण झालं, हे कबूल करतो. निम्म्या म्हणाल्या, बरं केलं, एक घालायलाच हवी होती. निम्म्या म्हणाल्या, बाईमाणसानं बंदुकीला हात लावूच नये. दोन्ही बाजूंना कायदा ठाऊक नव्हता. म्हणून आम्ही तालुका विधी सेवा समितीच्या वकीलताईंना घेऊन बसलो आणि कलमं वाचून घेतली. चहा दोनदा झाला. त्यातलं जे समजलं ते सांगतो.

कायद्यात आपल्याला स्वतःचा, दुसऱ्याचा आणि मालमत्तेचा बचाव करण्याचा हक्क आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत 96 ते 106 या कलमांत होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात तीच कलमं 34 ते 44 अशी आली आहेत. आकडे बदलले, गाभा तोच आहे. कलम 34 सांगतं की बचावाचा हक्क वापरताना केलेली गोष्ट गुन्हा ठरत नाही. आणि हा हक्क फक्त स्वतःपुरता नाही. शेजारणीवर कोणी हात टाकला, तिच्यासाठी तुम्ही धावून गेलात, तरी तो तुम्हाला आहे.

पण या हक्काला कुंपण आहे, ते कलम 37 मध्ये. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही. आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. बहुतेक खटल्यांत वाद या दोन गोष्टींवरच होतो.

मग समोरच्याचा जीव गेला तरी चालेल, असं कायदा कधी म्हणतो? शरीराच्या बाबतीत कलम 38 मध्ये सात प्रसंग आहेत. आपला जीव जाईल अशी रास्त भीती वाटावी असा हल्ला. जबर दुखापत होईल असा हल्ला. बलात्काराच्या हेतूनं हल्ला. अनैसर्गिक वासनेनं हल्ला. पळवून नेण्यासाठी हल्ला. कोंडून ठेवण्यासाठी हल्ला, जिथून सुटकेसाठी सरकारी यंत्रणेपर्यंत पोचता येणार नाही असं वाटतं. आणि ॲसिड फेकणं किंवा फेकायचा प्रयत्न. हे शेवटचं 2013 साली घातलं गेलं, दिल्लीच्या त्या भयंकर घटनेनंतर. आमच्यातली एक म्हणाली, सातापैकी चार-पाच तर बायांच्याच नशिबी येतात. खरंच आहे.

घरादाराच्या बाबतीत कलम 41 आहे. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, म्हणजे सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंतची, राहत्या घराला आग लावणं, आणि अशी चोरी किंवा घुसखोरी की जिच्यात बचाव केला नाही तर जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटेल. यातलं काही करण्याचा प्रयत्न चालू असला तरी पुरे, माणूस आत यायची वाट बघायची गरज नाही.

आता आपल्या बाईची गोष्ट या कलमांवर ठेवून बघा. रात्रीचा दीड, पहारीनं कडी उचकटणं, हाकेला उत्तर नाही. ही रात्रीची घरफोडी करायचा उघड प्रयत्न. मजुरी मागायला कोणी दीड वाजता पहार घेऊन मागच्या दारी येत नाही. पोलिसांना बोलवायला वेळ नव्हता. 112 ला फोन केला असता तरी मळ्यापर्यंत गाडी यायला वेळ लागणारच. (तरी फोन करायचा. का, ते पुढे सांगतो.) म्हणजे खिडकीतून बंदूक रोखून तिनं जे दटावलं ते बचावाच्या हक्कात बसतं, असं वकीलताईंचं मत पडलं. आमचंही तेच.

इथे एक बारीक गोष्ट आहे. नुसती बंदूक दाखवणं हासुद्धा एरवी गुन्हाच आहे. जीवे मारण्याची धमकी देणं यासाठी न्याय संहितेच्या कलम 351 मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गोळी सुटली नाही म्हणजे काहीच झालं नाही, असं समजू नका. बचावाचा प्रसंग खरा असेल तरच ती धमकी गुन्ह्यातून सुटते. बांधावरून भांडण झालं, पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली झाली, कोणी शिवी दिली, आणि घरातून बंदूक आणून दाखवली, तर तो बचाव नव्हे, ती दमदाटी झाली. शिवीला बंदुकीनं उत्तर द्यायचा हक्क कोणालाच नाही. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांनाही 2019 पासून शस्त्र कायद्यात वेगळी शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे आपल्या भावांना, दिरांना जरूर सांगा.

आणि ओट्यावरचं काय? तिथे सासूबाईंनी तिला वाचवलं. कायद्यात हा हक्क भीतीबरोबर सुरू होतो आणि भीतीबरोबर संपतो. रात्रीच्या घरफोडीत घुसखोरी चालू आहे तोवर हक्क आहे. माणूस पाठ फिरवून पळाला, धोका टळला, की तो संपला. काडतूस असतं आणि चाप ओढला गेला असता, तर खिडकीतली बाई निर्दोष आणि ओट्यावरची तीच बाई खुनाच्या आरोपाखाली, असं झालं असतं. मध्ये दहा पावलांचं अंतर. सासूबाईंना एक अक्षर वाचता येत नाही.

महाराष्ट्रात बंदुकीचा सगळ्यात गाजलेला खटला म्हणजे नानावटींचा. त्यावर सिनेमेही निघाले, त्यामुळे काहींना गोष्ट ठाऊक असेल. 27 एप्रिल 1959, मुंबई. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांना बायकोनं दुसऱ्या पुरुषाशी संबंध असल्याचं सांगितलं. त्यांनी बायकोला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, स्वतः जहाजावर गेले, खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. तिथून प्रेम अहुजाच्या ऑफिसात, तिथे तो सापडला नाही म्हणून त्याच्या घरी. तीन गोळ्या झाडल्या गेल्या, अहुजा मेला. नानावटींचं म्हणणं होतं की झटापटीत गोळ्या सुटल्या. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्यांना निर्दोष म्हटलं, बाहेर लोकांनी जयजयकार केला. पण मुंबई उच्च न्यायालयानं ते मानलं नाही आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही जन्मठेप कायम केली. रागाच्या भरात झालं, ही पळवाटसुद्धा मिळाली नाही, कारण बायकोचं ऐकल्यापासून गोळी झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते. तेवढ्या वेळात माणूस भानावर येऊ शकतो, असं न्यायालयानं धरलं. पुढे 1964 मध्ये राज्यपालांनी त्यांना माफी दिली, तो भाग वेगळा. मोठ्या माणसांना माफी मिळते. आपल्यापैकी कोणी त्या भरवशावर राहू नये.

उलट गोष्ट पंजाबातल्या दर्शनसिंग यांच्या खटल्याची. नातेवाइकांतला जमिनीचा वाद. समोरच्यानं गंडाशानं, म्हणजे आपल्या कडबा तोडायच्या कोयत्यासारख्या हत्यारानं, त्यांच्या वडिलांवर वार केला आणि दर्शनसिंगांनी बंदूक चालवली. समोरचा मेला. उच्च न्यायालयानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये सोडलं. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं की जीव धोक्यात असताना माणूस तराजू घेऊन बसत नाही, किती जोरात मारू याचा हिशेब त्या घडीला होत नाही. नामर्दासारखं पळून जा, असंही कायदा सांगत नाही. (हा "नामर्द" शब्द आमचा नाही. बायांनी पळून जावं की नाही, यावर कोणी लिहीतच नाही.)

बायांच्या बाबतीतल्या दोन गोष्टी थोडक्यात. 2012 साली तमिळनाडूत मदुराईला एका आईनं मुलीवर अतिप्रसंग करणाऱ्या नवऱ्याला क्रिकेटच्या बॅटनं मारलं आणि तो मेला. तिथल्या पोलीस अधीक्षकांनी जुन्या कलम 100 चा आधार घेऊन तिच्यावरचा खुनाचा आरोप पुढे नेला नाही. आणि शेजारच्या मध्य प्रदेशातल्या एका बापानं पंधरा वर्षांच्या मुलीबरोबर कुकर्म करणाऱ्याला फावड्यानं मारलं, त्याला सर्वोच्च न्यायालयानं 1992 मध्ये सोडलं. बघा, एकीकडे बॅट, दुसरीकडे फावडं. हातात काय होतं यापेक्षा त्या घडीला काय चाललं होतं, हे न्यायालय बघतं.

नागपूरचं नाव घेतल्याशिवाय हा विषय संपत नाही. कस्तुरबानगरातल्या बायांना अक्कू यादव नावाच्या गुंडानं वर्षानुवर्षं छळलं. बलात्कार, खंडणी, मारहाण. बायांचं म्हणणं होतं की तक्रार नेली तर कोणी ऐकत नाही. 13 ऑगस्ट 2004 रोजी त्याला नागपूरच्या न्यायालयात आणलं तेव्हा बायांच्या जमावानं मिरचीपूड फेकून, सुऱ्यांनी त्याला तिथेच मारलं. खटला दहा वर्षं चालला, 2014 मध्ये पुराव्याअभावी आरोपी सुटले. कायद्यानं बघितलं तर हा बचावाचा हक्क नव्हता. तो पोलिसांच्या ताब्यात होता, त्या क्षणी कोणावर हल्ला करत नव्हता. आरोपी सुटले ते पुरावा नव्हता म्हणून, केलं ते बरोबर होतं म्हणून नव्हे. आमच्यात यावर अजून एकमत नाही. एक मावशी म्हणाल्या, त्यांच्या जागी मी असते तर मीही गेले असते. आम्ही त्यांना काही बोललो नाही. पण एवढं म्हणतो, पहिली तक्रार लिहून घेतली गेली असती तर गोष्ट तिथवर गेली नसती. तुमची तक्रार ठाण्यात घेतली नाही तर ती लेखी, पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तशी सोय आहे, आणि तिथेही दखल नाही घेतली तर न्यायाधीशांपुढे जाता येतं. पोस्टाची पावती जपून ठेवा.

आता परत आपल्या बाईकडे, कारण तिची खरी अडचण राहिलीच. दटावणं बचावात बसलं, पण बंदूक? परवाना सासऱ्यांच्या नावावर. परवाना घराला मिळत नाही, माणसाला मिळतो. तो माणूस गेला की ते हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करायचं असतं, आणि वारसाला हवं असेल तर स्वतःच्या नावानं जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा असतो. विनापरवाना बंदूक बाळगली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आहे. हा हिशेब वेगळा. बचाव खरा असला तरी विनापरवाना हत्यार दोन वर्षं घरात का होतं, या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं.

आम्ही त्या दिवशी गटात विचारलं, कोणाच्या घरी गेलेल्या माणसाची बंदूक आहे का? तीन हात वर झाले. तीन! एकीची माळ्यावर, एकीची भिंतीत, आणि एकीला घरच्यांनी सांगितलंच नव्हतं, तिला ती दिवाळीची साफसफाई करताना दिसली होती. निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका जमा करून घेतात, तेव्हाच खरं तर लक्षात यायला हवं होतं.

गावठी कट्ट्याबद्दलही बोलायला पाहिजे. सातपुड्याच्या सीमेवरून आपल्या जिल्ह्यात कट्टे येतात आणि पकडले जातात, हे तुम्ही पेपरात वाचताच. उमर्टीचं नाव वारंवार येतं. तिथले सगळे लोक तसले नाहीत, पण धंदा चालतो. एखादा पोरगा म्हणतो, "मावशी, बहिणीच्या रक्षणासाठी घेऊन ठेवलाय." ते रक्षण नाही. तो हातातच फुटू शकतो, पोरगा तुरुंगात जाऊ शकतो, आणि बहीण होती तिथेच राहते. शेतातला विळा, घरातली काठी या वस्तू शेतीच्या आणि घरच्या कामाच्या म्हणून शस्त्र कायद्याच्या हत्यारांत धरल्या जात नाहीत. जीव वाचवायला त्या वापरल्या तर परवाना विचारला जात नाही.

असा प्रसंग आलाच तर पहिल्यांदा ओरडा. ओरडणं लाजेचं नाही. ओरडल्यानं माणूस पळतो आणि शेजाऱ्याला साक्षही मिळते. मग 112 ला फोन करा, मदत वेळेवर पोचणार नसली तरी. फोनची वेळ नोंदली जाते आणि उद्या कोणी उलटा अर्ज दिला तर ती नोंद तुमच्या बाजूनं बोलते. आपल्या बाईनं नवऱ्याला लावलेला, न लागलेला फोनसुद्धा कामी आला. त्याची वेळ एक अडतीस होती. दाराची उचकटलेली कडी दुरुस्त करायची घाई करू नका, आधी फोटो काढा. पहार, चप्पल, जे काही राहिलं असेल त्याला हात लावू नका. आणि तक्रार आधी आपण द्यायची. तिनं सकाळी लाजेनं, भीतीनं तक्रार दिली नाही, तेवढ्यात समोरच्यानं दिली.

बचावाचा हक्क होता हे दाखवायचं ओझं आपल्यावर असतं. पण पोलिसांना गुन्हा जितका पक्का सिद्ध करावा लागतो तितकं पक्कं आपल्याला करावं लागत नाही, आपलं म्हणणं संभवनीय आहे एवढं पटलं की पुरतं. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका. 1987 च्या कायद्यानं बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. 15100 या नंबरवर विचारा, नाहीतर यावलच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे जा.

तिची बंदूक आता जमा आहे. उलट्या अर्जाची चौकशी चालू आहे, तिच्या तक्रारीचीही. विनापरवाना हत्याराचं काय होईल ते अजून ठरायचं आहे, वकीलताई तारखांना जातात. मागच्या दाराला लोखंडी पट्टी बसवली, मोठा बल्ब लावला, आणि आजूबाजूच्या चार मळ्यांतल्या बायांनी आपसात ठरवलं आहे की रात्री थाळी वाजली की चौघींनी दिवे लावायचे आणि थाळ्या वाजवायच्या. परवा कोल्ह्यामुळे एकदा वाजल्या. सगळे जागे झाले, थोडी चिडचिड झाली.

ज्यांच्या घरी गेलेल्या माणसाची बंदूक आहे त्यांनी परवान्याचं जुनं पुस्तक आणि मृत्यूचा दाखला घेऊन पुढच्या गुरुवारी गटाच्या बैठकीला या. वकीलताई येणार आहेत. बंदूक मात्र आणू नका, फक्त कागद आणा.